तुळईवरचं साल खरं मानायचं का?

ट्रान्सिल्व्हेनिया म्हटलं की आपल्याला आधी ड्रॅक्युला आठवतो, त्याला आज जरा बाजूला ठेवू. आजच्या रोमानियातल्या याच भागात साधारण दहा लाख हंगेरियन लोक राहतात. ते हल्ली कुठून येऊन स्थायिक झालेले वगैरे नाहीत हां, गावं आहेत तिथंच राहिली आणि १९२० च्या त्रियानोंच्या तहानं सीमा सरकली, हंगेरीतला हा भाग रोमानियात गेला. त्यामुळे एकेका गावाला दोन नावं, हंगेरियनमध्ये तोरोत्स्को तर रोमानियनमध्ये रिमेत्या, म्हणजे जुनी कागदपत्रं कुठल्या नावाखाली शोधायची इथूनच डोकेदुखी सुरू.

इथली घरं कागदावर उतरवायचं काम जुनंच आहे. आर्किटेक्ट कोश कारोय (कोश हे आडनाव, हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रान्सिल्व्हेनियातल्याच कॉलोतॉसेग भागातल्या खेड्यांत हिंडून चर्चं, घरं, लाकडी मनोरे यांची चित्रं काढायचे. आज हातात लेझर स्कॅनर असतो, पण मूळ प्रश्न तेच: हे घर किती जुनं, आणि कुठला भाग नंतर जोडलाय?

आता तुम्ही म्हणाल, यात काय अवघड, साल तर कोरलेलंच असतं. असतं की! सेकेय म्हणून जे हंगेरियन लोक आहेत त्यांच्या घरापुढच्या कोरीव लाकडी वेशी बघा, गवताच्या गाडीसाठी मोठं दार, माणसांसाठी बाजूला छोटं, वर छपरात कबुतरांची खुराडी, आणि आडव्या तुळईवर बांधणाऱ्या नवराबायकोची नावं आणि साल. पण घरातल्या तुळईवरचं साल दुरुस्तीचंही असू शकतं. शिवाय ओंडक्यांची घरं सुटी करून हलवता येतात, ओंडक्यांवर खुणा करायच्या, घर उतरवायचं आणि दुसरीकडे त्याच क्रमानं परत रचायचं. मग अशा घराचं वय कुठून मोजणार?

इथं लाकडालाच विचारतात. थंड प्रदेशातलं झाड दरवर्षी एक कडं वाढवतं, चांगल्या पावसाच्या वर्षी जाड, दुष्काळात बारीक, आणि एकाच भागातल्या झाडांत हा जाड-बारीकचा क्रम बराचसा सारखा असतो, जवळजवळ बारकोडच म्हणा ना. आज उभ्या असलेल्या झाडापासून सुरुवात करायची, त्याच्या आतल्या कड्यांशी जुन्या तुळईची बाहेरची कडी जुळवायची, मग त्याहून जुन्या तुळईची, असं करत शेकडो वर्षं मागे जाता येतं. तुळईतून पेन्सिलीपेक्षाही बारीक नमुना पोकळ ड्रिलनं काढतात. सालीखालचं शेवटचं कडं शिल्लक असेल तर लॉटरीच, झाड कुठल्या वर्षी तोडलं ते कळतं, कधीकधी ऋतूसुद्धा. सुतारानं ते तासून टाकलं असेल तर मात्र फक्त ‘अमुक सालानंतर’ एवढंच म्हणता येतं. (आपल्याकडे बऱ्याच झाडांना अशी स्पष्ट कडी नसतात पण सागाला असतात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत त्यावरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय.)

मोजणीचं म्हणाल तर ड्रोन आणि शेकडो एकमेकांवर चढणारे फोटो यांच्यापासून कॉम्प्युटर घराचं थ्रीडी मॉडेल करतो. भारी दिसतं. पण माझं मत विचाराल तर हातानं काढलेल्या ड्रॉइंगला तोड नाही, कारण काढताना थांबून बघावं लागतं, या ओंडक्यात रिकामी खाच कशाला, इथं पूर्वी भिंत होती का? स्कॅनर खाच टिपतो पण प्रश्न विचारत नाही.

आणि या नोंदी करायची घाई का, तर ब्योझ्योद-उयफॉलू. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीत १९८८ मध्ये या गावात धरणाचं पाणी शिरायला लागलं. हंगेरियन, रोमानियन, आणि एकोणिसाव्या शतकात ज्यू धर्म स्वीकारलेले सेकेय, असे सगळे इथं शेजारी राहायचे. बरीच वर्षं पाण्यातून फक्त चर्चचा मनोरा डोकं वर काढून उभा होता, २०१४ मध्ये तोही कोसळला. त्याच काळात खेडी पाडून लोकांना फ्लॅटच्या इमारतींमध्ये हलवायची मोठी योजना होती, १९८९ मध्ये राजवटच पडली म्हणून बरीच गावं वाचली.

तोरोत्स्कोत मात्र वेगळं घडलं. क्लूझ शहरातल्या ट्रान्सिल्व्हेनिया ट्रस्ट या संस्थेनं पुढाकार घेतला आणि १९९६ पासून हंगेरीच्या राजधानीतल्या, म्हणजे बुडापेस्टच्या, पाचव्या विभागाच्या पालिकेनं घरमालकांना दरवर्षी थोडी रक्कम द्यायला सुरुवात केली, अट एकच, घराचं जुनं रूप बिघडवायचं नाही. १९९९ मध्ये वारसा जपण्यासाठीचा युरोपा नोस्त्रा पुरस्कार मिळाला. पांढऱ्या भिंती, हिरव्या झडपा, मागे सेकेयक्यो नावाचा कडा, आता पर्यटक रांग लावतात.

सगळ्यात मजा सेकेयदेर्झच्या तटबंदीवाल्या चर्चची. आत १४१९ ची भित्तिचित्रं, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि तटाच्या बुरुजात आजही गावकरी डुकराच्या चरबीचे खारवलेले तुकडे टांगून ठेवतात, बाजूला धान्याच्या लाकडी पेट्या. हल्ल्यांच्या काळातली सवय आहे ती, आणि बुरुजात थंडावा असतो म्हणून सोयीचीही. प्लॅनमध्ये त्या खोलीवर ‘कोठार’ असं लिहून भागेल, पण कुणाचा तुकडा कुठल्या खुंटीवर, हे गावातल्या आजीलाच विचारावं लागतं.