अर्धा मेंदू जागा

आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली आणि मे महिन्यात एकवीस बिऱ्हाडं एकदम उठली. त्या महिन्याभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य तीनदा तरी फिरलं: जोडीदाराचा मृत्यू आणि घटस्फोट यांच्या खालोखाल माणसाला सर्वांत मोठा ताण घर बदलण्याचा असतो, असं विज्ञान सांगतं. तुम्हीही ते कुठे ना कुठे वाचलं असेल. विज्ञान असं सांगत नाही.

ताणाची जी मूळ यादी आहे ती १९६७ सालची, थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची. त्यांनी ३९४ जणांपुढे आयुष्यातल्या ४३ घटना ठेवल्या. लग्नाला ५०० गुण धरा आणि इतर प्रत्येक घटनेनंतर घडी पुन्हा बसवायला त्या मानाने किती कष्ट पडतील ते सांगा, असं विचारलं. आलेल्या आकड्यांची सरासरी काढून दहाने भागलं. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०. आणि घर बदलणं? २० गुण, यादीत बत्तिसावा क्रमांक. घर बदलणं सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण निदान आकडा तरी खरा सांगावा.

शिवाय घर बदलणं एकटं येत नाही. त्याच यादीत राहणीमानातला बदल आहे, शाळा बदलणं आहे, जेवणाच्या सवयींतला बदल आहे आणि झोपेच्या सवयींतला बदल आहे, १६ गुणांचा. हे शेवटचं कलम किरकोळ वाटतं. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

भाड्याच्या घरात पहिल्या रात्री आई जवळजवळ जागीच होती. दिवसभर टेम्पो, जिने आणि खोकी यांत शरीर मोडून आलेलं, तरी झोप नाही. फ्रिज थरथरला की डोळे उघडे, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की उघडे, पहाटे साडेपाचला पाण्याचा पंप खडखडला तेव्हा तर ती उठूनच बसली. "डोळ्याला डोळा लागला नाही गं," असं तिने सकाळी सांगितलं. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं: पलंग उत्तर-दक्षिण पडलाय, डोकं उत्तरेला, शिवाय दार दक्षिणेचं.

झोपेवर संशोधन करणाऱ्यांना हा प्रकार फार जुना माहीत आहे. माणूस प्रयोगशाळेत पहिल्या रात्री सहसा नीट झोपत नाही. १९६६ मध्ये याची पद्धतशीर नोंद झाली आणि 'पहिल्या रात्रीचा परिणाम' असं नावही पडलं. पुढे बऱ्याच प्रयोगांत पहिल्या रात्रीच्या नोंदी निकामी म्हणून बाजूला टाकण्याचीच पद्धत पडली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी ती टाकून दिलेली रात्र उचलली. मला या प्रयोगाचं फार प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाढ झोपेत मेंदूतल्या पेशींचे मोठाले समूह एका लयीत पेटतात आणि एकदम शांत होतात, सेकंदाला एक ते चार वेळा. यातून ज्या संथ लहरी उठतात त्या जितक्या जोरदार, तितकी झोप खोल. या गटाने मेंदूचा डावा आणि उजवा गोलार्ध वेगवेगळा मोजला. पहिल्या रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत दोन्हीकडच्या लहरी सारख्या नव्हत्या. उजवा गोलार्ध नेहमीसारखा खोल गेला, डाव्यातल्या लहरी कमी जोराच्या राहिल्या. तोही अख्खा डावा गोलार्ध नव्हे. आपण काहीच करत नसताना, नुसते विचारांत असताना जे जाळं चालू असतं त्याच्या डाव्या भागातच हा फरक होता. आणि ज्यांच्यात ही तफावत जास्त, त्यांना झोप लागायलाही जास्त वेळ लागला.

इथवर एवढंच कळलं की डावी बाजू उथळ झोपते. ती काही काम करत असते का? हे बघायला झोपलेल्या माणसाच्या कानात एकसुरी बारीक आवाज देत राहिले आणि मधूनच एखादा वेगळा आवाज सोडला. उजव्या कानातला आवाज मुख्यतः डाव्या गोलार्धात पोचतो, डाव्या कानातला उजव्यात. एकसुरी आवाजाला दोन्ही बाजूंनी सारखीच दाद दिली, पण वेगळ्या आवाजाला डाव्या बाजूने जास्त जोराची. मग पुढची पायरी: आवाज ऐकून जाग आली तर बोटं हलवा, असं आधी सांगून ठेवलं. पहिल्या रात्री उजव्या कानात सोडलेल्या वेगळ्या आवाजाने माणसं जास्त वेळा जागी झाली आणि बोटंही लवकर हलली. आठवड्याने तीच माणसं त्याच खोलीत झोपली तेव्हा डाव्या-उजव्यातला हा फरक गेलेला होता. तिन्ही प्रयोगांत मिळून माणसं ३५, म्हणजे संख्या लहानच. पण तीन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलेला पुरावा मला भक्कम वाटतो.

डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतात हे शाळेत कधीतरी कानावर पडलेलं असतं. बदकांचं त्याहून सुंदर आहे. नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बदकं ओळीने झोपवून पाहिली. मधली बदकं निर्धास्त, दोन्ही डोळे मिटून. कडेची बदकं मात्र अर्ध्या मेंदूने जास्त वेळ झोपत आणि त्यांचा उघडा डोळा थव्याच्या बाहेरच्या बाजूला असे. आपला मेंदू डॉल्फिनइतका दुभंगून झोपत नाही, पण अनोळखी छपराखाली आपणही कडेचं बदक होतो. आई रात्रभर पहारा देत होती, तिला स्वतःला ठाऊक नसताना.

आता काकूंच्या उत्तर दिशेबद्दल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला भरतं. इस्पितळातलं एमआरआय यंत्र सहसा दीड टेस्लाचं, म्हणजे त्याच्या ३५ हजार पटींहून जास्त. त्या बोगद्यात माणसं अर्धा-अर्धा तास निजून असतात, एखाद्याला डुलकीही लागते. जे ३५ हजार पटींनी घडत नाही ते पलंगाच्या दिशेने घडेल, हे मला पटत नाही. वास्तुदोषाचे उपाय 'लागू पडतात' त्याचं कारण वेगळं आहे. दोन-तीन रात्री तळमळून माणूस कोणाला तरी बोलावतो, ते तांब्याचा पिरॅमिड ठेवून पैसे घेऊन जातात आणि त्या रात्री झोप लागते. ती तशीही लागणारच होती. मेंदूची खातरी पटली होती, श्रेय मात्र पिरॅमिडला गेलं. लोक कर्ज काढून घर घेतात आणि मग दार फोडून दिशा बदलण्यासाठी आणखी खर्च करतात, याचा मला मनापासून राग येतो.

खातरी पटणं म्हणजे काय, याचा एक धागा हिप्पोकॅम्पस या भागात सापडतो. जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी दिसल्या की ज्या खोलीतल्या एका विशिष्ट जागी उंदीर आला की चालू होतात. याच कामासाठी २०१४ चं नोबेल त्यांना मोझर दांपत्याबरोबर विभागून मिळालं. उंदराला दुसऱ्या खोलीत नेलं की पेशी त्याच, पण नकाशा नवा. हा नकाशा मेंदू लवकर मांडतो. हाताची सवय मात्र सावकाश सुटते, ते खातं वेगळं. आमच्या जुन्या घरात न्हाणीघराचं बटण दाराच्या डावीकडे खांद्याच्या उंचीवर होतं. नव्या घरात आई पंधरा दिवस तिथली कोरी भिंत चाचपत होती. चुन्यावर बोटांचे डाग पडले होते.

म्हणून माझं म्हणणं असं की सामान लावताना आधी रात्र लावा. स्वयंपाकघराची खोकी दोन दिवस थांबतील, पलंग थांबत नाही. निघताना सगळं धुऊन-इस्त्री करून न्यायचा मोह होतो, पण एक वापरलेली चादर आणि उशीचे अभ्रे तसेच न्या. इतर संवेदना थॅलॅमस नावाच्या चौकीतून पुढे जातात. वास ती चौकी न गाठता थेट आत शिरतो आणि भीती व आठवण सांभाळणारे भाग तिथून अगदी जवळ आहेत. ओळखीचा वास ही पहारेकऱ्याला पोचलेली पहिली खूण. पंखा चालू ठेवा, त्याच्या एकसुरी घरघरीत अधूनमधूनचे आवाज बुडतात. घरात वयस्क माणूस असेल तर चष्मा आणि तांब्या-भांडं पलंगाच्या त्याच बाजूला ठेवा जिथे जुन्या घरात होतं, आणि न्हाणीघराच्या वाटेवर मिणमिणता दिवा लावा. अर्धवट झोपेत चालणारं माणूस जुन्याच घरात चालत असतं, आणि म्हातारपणी पडणं फार महागात जातं.

आईची चादर सोलापुरी होती, कडेला विटलेली. दुसऱ्या रात्री ती अंथरली, पंखा दोनवर ठेवला. दिशा तीच, डोकं उत्तरेलाच. अकराव्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिने विचारलं, "आज पंप लावला नाही वाटतं कोणी?"

लावला होता, साडेपाचलाच.