बिनचुलीचा चटका

श्रावणात बेळगावात शहापूरच्या एका मूर्तिशाळेत गेलो होतो. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसनं, म्हणजे पीओपीनं, भरून झाला होता. तिथल्या मामांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, जरा थांबले. "अजून तापतंय की ओ. निवू दे, मग उघडूया." जवळपास ना चूल, ना शेगडी. मग हे तापतंय कशानं?

जिप्सम या खनिजाच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. साधारण 150 अंशांवर भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पीओपीची पांढरी पूड उरते. घमेल्यात ही पूड पाण्यात पडली की ती गेलेलं पाणी परत ओढून घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि उष्णता बाहेर पडते. 1 किलो पुडीमागे सुमारे 115 किलोजूल. हिशेब सोपा आहे: ती पूड 700 मिलिलिटर पाण्यात कालवली आणि उष्णता आतच कोंडली, तर लगदा तीसेक अंशांनी तापतो. म्हणजे 28 अंशांचं पाणी 58 च्या घरात. पाणी कमी घातलं तर याहूनही जास्त.

चुनकळी पाण्यात टाकली की फसफसते, वाफ येते, म्हणून पोरंसुद्धा लांब उभी राहतात. प्लास्टर मात्र आधी थंडगार लागतं. दहा-पंधरा मिनिटांनी घट्ट होतं आणि खरा ताप त्यानंतर चढतो. तोवर हात आत असेल तर तो निघत नाही, कारण प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं आणि बोटांना चहूबाजूंनी आवळून धरतं. 60 अंशांवर कातडी खोलवर भाजायला पाचेक सेकंद पुरतात. इथे तर ताप बराच वेळ टिकतो. 2007 मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये 16 वर्षांच्या एका मुलीनं कलेच्या तासाला हातांचा ठसा घ्यायला दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. तिची बहुतेक बोटं कापावी लागली.

मग हाडाचे डॉक्टर प्लास्टर घालतात ते कसं? आत कापूस, वर पट्ट्यांचे पातळ थर. उष्णता हवेत निघून जाते. बादलीतल्या गोळ्यातून ती निघायला वाटच नसते.

बाळाच्या हाताचा ठसा हवाच असेल तर खानापूरची कुंभाराची माती मऊ मळून घ्या, हात दाबा, काढा, मग त्या खळग्यात प्लास्टर ओता. शाडूही चालतो. शाळेच्या प्रोजेक्टलाही हेच करावं. चुकून हात भाजलाच तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरावा. हळद, टूथपेस्ट लावू नये.

धुळीचं थोडक्यात: पॉलिश पेपरनं कोरडं घासलं की बारीक पूड नाका-डोळ्यांत जाते, दमेकऱ्याला खोकला सुटतो. मास्क लावा, ओलं करून घासा. मूर्तिविसर्जनाच्या 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून आपल्याकडे पीओपीची चर्चा कपिलेश्वर तलावातल्या विसर्जनापुरतीच होते. साचा भरणाऱ्या पोराच्या हाताबद्दल कुणी बोलत नाही, हे मला खटकतं.

आणि उरलेला लगदा मोरीत ओतू नका. तो पाण्याखालीही घट्ट होतो, नळी कायमची तुंबते. मामा तो रबरी घमेल्यातच सुकू देतात, दुसऱ्या दिवशी घमेलं उलटं करून बुडावर दोन थापा मारतात आणि पांढरी भाकरी अख्खी बाहेर पडते.