टी-टेस्टमध्ये टाइप 1, 2, 3 आले कुठून?

एक्सेलमध्ये टी-टेस्टचं, म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणाऱ्या चाचणीचं, फंक्शन वापरायला गेलं की दोन्ही ग्रुपचे आकडे दिल्यावर ते अजून दोन गोष्टी विचारतं, टेल किती (फरक एकाच दिशेने तपासायचा की दोन्ही) आणि टाइप कुठला, 1, 2 की 3. टेलचं कसंतरी जमतं पण टाइपपाशी बरेच जण अडकतात आणि मग आधीच्या कुणाच्या फाइलमध्ये 2 होतं म्हणून 2 टाकून मोकळे होतात. मला हे फार खटकतं, कारण त्या तीन आकड्यांत जवळपास चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला तर पाठांतर करावंच लागत नाही.

प्रश्न तसा साधाच आहे. दोन ग्रुपच्या सरासऱ्या वेगळ्या दिसतायत, हा फरक खरा की योगायोगाने आलेला? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचं उत्तर होतं पण सँपल मोठं असेल तरच, शेकडो मापं असली की स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, बऱ्यापैकी पक्कं मिळतं, मग नॉर्मल कर्व्हच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राच्या) टेबलात बघितलं की झालं. चार-पाचच मापं असतील तर ते डेव्हिएशनच डळमळीत असतं आणि जुन्या पद्धतीत या डळमळीतपणाचा हिशोबच नव्हता.

ही अडचण ज्याला रोज यायची तो विल्यम सीली गॉसेट. 1899 मध्ये तो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत लागला, तिथे बार्ली, हॉप्स यांचे प्रयोग चालायचे आणि प्रत्येक प्रयोगात मोजकीच मापं हाताशी असायची. 1906-07 मध्ये तो लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअरसनच्या लॅबमध्ये शिकायला गेला आणि 1908 मध्ये बायोमेट्रिका या जर्नलमध्ये याच छोट्या सँपलच्या अडचणीवर त्याचा पेपर आला, कंपनी स्वतःच्या नावाने छापू द्यायची नाही म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. गणिताचा एक भाग त्याने अंदाजाने बांधला होता, म्हणून तो ताडून बघायला त्याने काय केलं तर 3000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी असलेला जुना डेटा घेतला, एकेकाचे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, नीट पिसले आणि चार-चारचे 750 गट पाडले. आज कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतो ना, तेच त्याने हाताने केलं. मला तर हा त्या पेपरचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

त्याच पेपरमध्ये झोपेच्या औषधांचं उदाहरण आहे. दहा पेशंट, प्रत्येकाला दोन्ही औषधं, आणि प्रत्येक औषधाने झोप किती तास वाढली त्याची नोंद. पहिल्याची सरासरी 0.75 तास, दुसऱ्याची 2.33, म्हणजे फरक 1.58 तासांचा. गॉसेटने काय केलं, तर दोन कॉलम वेगवेगळे धरलेच नाहीत, प्रत्येक पेशंटच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली आणि ती दहा उत्तरं घेऊन पुढे गेला. हाच टाइप 1, पेअर्ड म्हणजे जोड्यांचा. याचा फायदा किती ते बघा, वजाबाकीवर टेस्ट केली तर टी, म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याच्या मानाने फरक किती मोठा ते, 4.06 येतो आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, साधारण 0.003, आणि तेच वीस आकडे वीस वेगळ्या माणसांचे आहेत असं समजून केली तर टी 1.86 आणि पी-व्हॅल्यू 0.08 च्या आसपास. सरासऱ्या त्याच, फरक तोच. कारण माणसामाणसात खूप फरक आहे, एकाची झोप दुसऱ्या औषधाने 5.5 तास वाढली तर एकाची 0.1 तास कमीच झाली, आणि हा माणसांमधला फरक वजाबाकीत बराचसा निघून जातो.

पण दोन्ही ग्रुपमध्ये माणसं खरोखर वेगळी असली तर जोड्या लावणार कशाच्या? इथे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर येतो. गॉसेटने जे अंदाजाने बांधलं होतं त्याची पक्की सिद्धता त्याने 1912 मध्येच भूमितीतून काढून गॉसेटला कळवली होती. पुढे 1925 मध्ये त्याने दोन स्वतंत्र ग्रुपची टेस्ट मांडली आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे किती ते, सँपल छोटं तर तेही कमी) धरून टी चं टेबल दिलं. नॉर्मल कर्व्हवर 5 टक्क्यांची हद्द (टी तिच्यापलीकडे गेला की फरक खरा मानतात) 1.96 असते, तीच 9 डिग्रीजना 2.262 होते आणि 3 डिग्रीजना 3.182. सँपल जेवढं छोटं तेवढी अट कडक. या टेस्टमध्ये दोन्ही ग्रुपचा व्हेरिअन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) सारखाच आहे असं धरून तो एकत्र काढतात, हाच टाइप 2. फिशरच्या विचाराने हे बरोबरही होतं, उपचाराचा काहीच परिणाम नसेल तर दोन्ही ग्रुप एकाच लोकसंख्येतून आलेले, मग व्हेरिअन्स वेगळा असेल कशाला?

पण प्रत्यक्षात तो वेगळा असतो. व्हेरिअन्स वेगळे असताना काय करायचं यावर 1929 मध्ये बेहरेन्सने पेपर लिहिला, फिशरने तो विचार पुढे नेला, त्यावर बार्टलेटने आक्षेप घेतला आणि बराच वाद झाला. कामाला येणारा तोडगा बी. एल. वेल्चचा, 1938 चा पेपर आणि मग 1947 चा. यात व्हेरिअन्स एकत्र करत नाहीत आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम डेटावरूनच काढतात, म्हणून झोपेच्या त्याच आकड्यांवर 17.776 असला अपूर्णांक येतो. छापील टेबल घेऊन बसणाऱ्याला तो अडचणीचाच. हा टाइप 3.

माझं मत स्पष्ट आहे, ग्रुप स्वतंत्र असतील तर टाइप 3 च वापरा. छोट्या ग्रुपचा व्हेरिअन्स मोठा असला की टाइप 2 नसलेला फरक पण पुन्हा पुन्हा ‘सिग्निफिकंट’ दाखवतो, आणि व्हेरिअन्स सारखे असले तरी वेल्चमध्ये गमवावं लागतं ते अगदी थोडं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच सांगितलं नाही तर वेल्चच चालते, एसपीएसएस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर टाइप 2 आणि 3 अशा दोन्ही ओळी छापतं. एक्सेलमध्ये मात्र तो आकडा आपल्यालाच टाकावा लागतो.