सिंगल माल्ट स्कॉच : पहिल्या पायरीच्या बाटलीची पारख

स्कॉटलंडमधील एखाद्या डिस्टिलरीची नेहमीची, तिच्या मालात स्वस्तातली आणि सगळीकडे मिळणारी सिंगल माल्ट व्हिस्की हुंगून व चाखून तिची प्रत ठरवण्याची रीत. ‘पहिली पायरी’ हा वर्ग कायद्यात नाही, तो बाजाराने पाडला आहे. ग्लेनफिडिक 12, ग्लेनलिव्हेट 12, लाफ्रॉएग 10 या त्यातल्या ओळखीच्या बाटल्या.

2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार सिंगल माल्ट एकाच डिस्टिलरीत, मोड आणून वाळवलेले सातू, पाणी आणि यीस्ट एवढ्यावरच, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत, घाण्याघाण्याने गाळावी लागते. ती ओकच्या पिंपात निदान 3 वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरली पाहिजे आणि बाटलीत भरताना मद्यार्क 40 टक्क्यांखाली जाता कामा नये. ‘सिंगल’ म्हणजे एका पिंपातली, हा समज चुकीचा आहे. बाटलीत अनेक पिंपांतला माल एकत्र केलेला असतो आणि लेबलावरचा 12 हा आकडा त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो.

या बाटलीकडून अपेक्षा कसली ठेवायची, इथेच बहुतेकांचे चुकते. तिने अचंबित करावे म्हणून ती बनवलेलीच नसते. हजारो पिंपे वेगवेगळी मुरतात, तरी दरवर्षी तीच चव बाटलीत उतरवायची, हे तिचे काम आहे. तेव्हा तिच्यात तीन गोष्टी पाहाव्यात : धार, म्हणजे भट्टीतून गळणारी दारू, स्वच्छ काढली आहे का, लाकूड प्रमाणात आहे का, आणि डिस्टिलरीचा स्वभाव ओळखू येतो का. घसा किती जळतो हा निकष नव्हे.

पेला ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता असावा. 2001 साली बाजारात आलेला ग्लेनकेर्न पेला आता सर्रास वापरतात. बर्फ नको, कारण थंडीने गंध दबतो. रंग पाहावा पण त्यावर विश्वास टाकू नये, कारण साधे कॅरॅमल घालून रंग सारखा करण्याची नियमांतच मुभा आहे. गडद म्हणजे जुनी, हा हिशेब तिथेच कोसळतो.

खरी पारख नाकाची. नाक पेल्यात खुपसले तर मद्यार्काचा झणका बसून पुढची काही मिनिटे वाया जातात. तोंड किंचित उघडे ठेवून, पेला हनुवटीच्या पातळीवरून हळूहळू वर आणावा. ग्लेनफिडिक 12 अशी हुंगली की आधी पेअरचा ताजा, किंचित कच्चा वास येतो. असे फळांचे वास आंबवणात तयार झालेल्या एस्टर या सुगंधी संयुगांमुळे येतात. त्यामागे भाजलेले सातू, आणि थोड्या वेळाने व्हॅनिला. व्हॅनिला ओकच्या लाकडातून येतो, विशेषतः बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपांतून. अमेरिकी कायद्याने बर्बनला आतून जाळलेले नवे पिंप लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला मुबलक मिळतात. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांतून मनुका आणि सुक्या अंजिराकडे झुकणारी चव येते. लाफ्रॉएग 10 मात्र पेल्याबाहेरूनच कळते : पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या, धुरावर वाळवलेले सातू, टिंक्चर आयोडीन, इस्पितळाचा व्हरांडा. हा तिचा दोष नाही, तोच तिचा स्वभाव.

दोष वेगळे असतात. नेलपॉलिशसारखा बोचरा दर्प आला तर सुरुवातीची धार नीट तोडलेली नाही. आपल्याकडे गावठीत ‘पहिल्या धारेची’ ही शिफारस समजतात, स्कॉच गाळताना ती धार वेगळी काढून पुढच्या घाण्यात परत घालतात. ओल्या चामड्याचा किंवा घामट वास शेवटची धार लांबवल्याची खूण. विझलेली काडी किंवा रबर हा गंधकाचा वास, बहुधा शेरीच्या पिंपातून आलेला. पुठ्ठ्यासारखा फिका वास आणि जिभेवर कोरी दारू, हे फार वेळा वापरून थकलेल्या लाकडाचे लक्षण आहे. स्वस्त माल्टमध्ये हा शेवटचा दोष जास्त भेटतो आणि वयाच्या आकड्याने तो झाकला जात नाही.

पहिला घोट जीभ तयार करण्यासाठी, मत दुसऱ्या घोटावर बनवावे. नंतर पाण्याचे थेंब. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातील दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिमानाने दाखवले, की पाणी घातल्यावर ग्वायाकॉल हा धुरकट चवीचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. पण 40 टक्क्यांच्या बाटलीत डिस्टिलरीने आधीच पाणी घातलेले असते. इथे थेंब पुरतात, चमच्याने ती पांचट होते. गिळल्यानंतर मागे राहणारी चव या वर्गात आखूड असायचीच. 46 टक्क्यांखालची व्हिस्की थंडीत गढुळू नये म्हणून बहुधा गार करून फिल्टर करतात आणि त्यात तेलकट घटक जातात, अंगही जाते. आखूडपणा माफ करावा, कडवटपणा नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्कॉच बाटल्यांवर 42.8 टक्के असा आकडा असतो, म्हणून परदेशी परीक्षणांशी ताडून पाहताना लेबल वाचलेले बरे. वयाची पट्टीही सगळीकडे चालत नाही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के माल उडून जातो. गोव्यात तयार होणाऱ्या पॉल जॉनसारख्या माल्टचा उष्ण हवेत त्याच्या कितीतरी पट उडतो आणि लाकूडही वेगाने उतरते. तिथल्या तरुण व्हिस्कीला ‘12 वर्षे नाहीत’ म्हणून खाली बसवणे अन्यायाचे आहे.

पैज लावायचीच असेल तर तीन पेल्यांची चाचणी घ्यावी. दोन पेल्यांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, लेबले झाकलेली आणि भरणारा माणूस खोलीबाहेर. वेगळा पेला ओळखता आला, तरच पुढे कोणती चांगली याचा वाद घालावा.