‘आमच्यात असं नसतं’: एका घरगुती वाक्याची पार्श्वभूमी

देगलूरकडची वहिनी लग्न होऊन आमच्या घरी, तेव्हाच्या औरंगाबादेत आली, त्याच आठवड्यात फोनवर आईला म्हणाली, “काय करायलीस माय?” बैठकीत बसलेले आम्ही सगळे हसलो. आत्या म्हणाली, “आमच्यात असं नसतं गं बोलत.” आवाजात राग नव्हता, मायाच होती. त्यानंतर माहेरचा फोन आला की वहिनी गच्चीवर जाऊ लागली.

अशा बारीक टोचणीसाठी ‘मायक्रोअॅग्रेशन’ हा शब्द अमेरिकेतले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी 1970 मध्ये दिला. एकेकटे पाहिले तर क्षुल्लक वाटणारे, पण रोज सोसावे लागणारे वर्णद्वेषी अपमान त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मराठीत टोमणा आहे, हिणवणं आहे. पण टोमणा मारणाऱ्याला आपण तो मारला हे ठाऊक असतं. ‘आमच्यात असं नसतं’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा ते कळतच नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

मराठवाड्यात या ‘आमच्यात’ला मोठा इतिहास आहे. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथं राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. घरात मराठी, कचेरीत उर्दू, देगलूर-बिलोलीच्या बाजारात तेलुगू आणि उमरगा-उदगीरकडं कन्नड, अशी माणसं सहज वावरायची. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. आपल्या भाषेच्या राज्यात आल्याचा आनंद खरा होता. पण कचेरीत आणि पाठ्यपुस्तकांत जी मराठी आली ती पुण्याकडच्या वळणाची होती. ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणणारी पोरं वर्गात एकाएकी अशुद्ध ठरली.

माझे आजोबा उर्दूत शिकलेले, तहसिलीत कारकून. नव्या साहेबांनी त्यांचा पहिला मराठी अहवाल चारचौघांत वाचून दाखवला आणि सगळे हसले, हे ते म्हातारपणीही सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. वहिनीच्या बोलण्यावर त्या दिवशी जे हसले, त्यांत आजोबाही होते. मला या साऱ्यात सर्वांत जास्त छळतं ते हेच. आपल्याला झालेली जखम माणूस विसरत नाही, पण तीच दुसऱ्याला करताना ती ओळखू येत नाही. आणि शुद्ध-अशुद्धाचा हा निवाडा कुठल्या मातीत चालला होता? आद्यकवी म्हणून ज्यांना मान आहे त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, आणि जनाबाई गंगाखेडची.

1972 च्या दुष्काळानं आणखी एक शिक्का दिला. कामासाठी पुण्या-मुंबईकडं गेलेल्यांच्या मागं ‘दुष्काळी भागातले’ हे विशेषण लागलं, ते सोयरिकीतही शिरलं. “पाणी जपून वापरते हो, सवयच आहे तिला,” हे सुनेचं कौतुक म्हणून मी ऐकलं आहे.

जातीची गोष्ट मात्र याच मापानं मोजता येणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. ज्या पिढीनं ते दिवस पाहिले तीच आज आंतरजातीय लग्न झालेल्या घरांत सासू-सासरे आहे. तिथं “तुमच्यात हे करतात का?” हा साधा प्रश्न राहत नाही. “तुझ्याकडं बघून वाटत नाही हो,” हे तर स्तुती म्हणून बोललं जातं. ऐकणारीनं त्यावर काय म्हणायचं? आभार मानले तर स्वतःच्याच माणसांना खाली पाडल्यासारखं होतं.

बायकांनी हे फार आधी ओळखलं होतं. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाचे असे बारीक बोल जागोजागी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत मराठवाड्यातल्या बायकांच्याही आहेत. ओवी जात्यापुढंच म्हणता यायची, बैठकीत नाही. कायद्याला तिथवर यायला 2005 साल लागलं: कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अपमान, हेटाळणी आणि मूल किंवा मुलगा नसल्यावरून लावलेले बोल यांना छळ म्हटलं आहे. पण आत्याच्या त्या वाक्यासाठी कुणी कोर्टात जात नाही, जाऊही नये. ते घरातच उलगडावं लागतं, आणि माझ्या मते पहिला शब्द नवऱ्यानं किंवा सासरच्याच कुणीतरी काढावा. तो भार सुनेवर टाकणं हा आणखी एक अन्याय आहे.

आमच्या घरी त्याला नऊ वर्षं लागली. पुतणी एकदा देगलूरच्या आजीला म्हणाली, “आमच्यात असं नसतं बोलत.” भावानं जेवता जेवता हात थांबवून विचारलं, “आमच्यात म्हणजे कुणात? तुझी आई कुणात आहे?” आत्या समोरच होती. तिला ते लागलं, दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिनं वहिनीला विचारलं, “तू फोन घेऊन गच्चीवर का जातीस गं?”

वहिनीनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि सांगितलं.