अपिलाची मुदत आणि नकलेचे दिवस

दिवाणी अपिलाचे आकडे जुनेच आहेत. जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. १८७७ च्या मुदतीच्या कायद्यात ते होते, १९०८ च्या कायद्यात कायम राहिले. १ जानेवारी १९६४ पासून लागू झालेल्या सध्याच्या, म्हणजे १९६३ च्या कायद्यात बदलला तो फक्त अनुच्छेद: १५२ आणि १५६ जाऊन ११६ आला. १८५९ पूर्वी प्रत्येक इलाख्याचे नियम वेगळे होते, पण आजच्या तंट्यांशी त्यांचा फारसा संबंध उरलेला नाही.

आकड्यांवर कधी फारसे भांडण झालेच नाही. भांडण होते ते मोजणीवर, आणि तेही बहुतेक वेळा या कायद्याच्या कलम १२ मधल्या एका शब्दावर. निकालाचा दिवस सोडायचा आणि निकालाची नक्कल मिळवण्यासाठी ‘आवश्यक’ असलेला वेळही वगळायचा, असे हे कलम सांगते. आवश्यक म्हणजे नेमका किती?

प्रमाणित नकलेवरच्या शिक्क्यात याचे अर्धे उत्तर असते. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. समजा, निकाल ३ जूनला लागला, नक्कल अर्ज १० जूनला गेला, नक्कल २८ जूनला तयार झाली आणि पक्षकार ती घ्यायला ५ जुलैला उगवला. ३० दिवस ३ जुलैला संपतात. १० ते २८ जून हे १९ दिवस वगळले की शेवटची तारीख येते २२ जुलै. तिसरी तारीख धरून २९ जुलैपर्यंत निवांत बसणारे कमी नाहीत. नक्कल विभागात तयार पडून राहिलेली नक्कल कोणासाठी थांबत नाही.

१९२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, कसोटी घालून दिली: पक्षकाराने वेळीच हालचाल केली असती तर जो वेळ लागलाच नसता, तो ‘आवश्यक’ नव्हे. १९२८ मध्ये रंगूनहून गेलेल्या प्रकरणात त्याच न्यायपीठाने उलट बाजूचा दिलासा दिला. अपिलासोबत नक्कल जोडण्याची सक्ती नसली तरी ती मिळवण्यात गेलेले दिवस वगळायचेच, कारण निकाल समोर नसताना अपील करायचे की नाही हे तरी कसे ठरवायचे? हा निर्णय मला आजही सर्वांत समंजस वाटतो.

खरा गुंता हुकूमनाम्याचा, म्हणजे निकालावरून न्यायालय काढते त्या औपचारिक आदेशाचा (डिक्रीचा). निकाल आज सुनावला जातो, हुकूमनामा नंतर तयार होतो, पण त्यावर तारीख पडते निकालाचीच. मधले दिवस कोणाच्या खात्यात? यावर उच्च न्यायालयांत एकमत नव्हते. १९६३ च्या कायद्याने कलम १२ ला स्पष्टीकरण जोडून ते मिटवले: नकलेचा अर्ज येण्याआधी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाचे जे दिवस गेले, ते वगळायचे नाहीत. म्हणजे ‘अजून डिक्री उतरली नाही, उतरली की अर्ज करू’ म्हणणारा पक्षकार फसला. विलंब न्यायालयाचा आणि भुर्दंड त्याला. निकालाच्या दिवशीच अर्ज टाकायचा ही वकिलांची सवय इथूनच पक्की झाली. २००२ पासून अपिलासोबत न्यायनिर्णयाची, म्हणजे निकालाची, नक्कल पुरते, त्यामुळे धार थोडी बोथट झाली, पण स्पष्टीकरण जागेवरच आहे.

मुदत टळल्यावर कलम ५, म्हणजे विलंब माफी. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हा अर्ज अपिलासोबतच द्यावा लागतो आणि अपील ऐकायचे असे ठरेपर्यंत अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही. ‘पुरेसे कारण’ उदारपणे पाहावे, असे १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तिथे सरकारी अपिलाला उशीर होता अवघ्या चार दिवसांचा. सरकारी खात्यांनी त्या निकालाचा पुढे किती आधार घेतला याला सुमार नाही. २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर नाकारताना त्याच न्यायालयाला ‘फाईल फिरत होती’ हे कारण चालणार नाही, असे बजावावे लागले. २०२४ मध्ये तर प्रकरण ५६५९ दिवसांचे होते; तेही नाकारले गेले.

व्यापारी दाव्यांसाठी २०१५ च्या कायद्याने ६० दिवस ठेवले. तिथे कलम ५ लागू आहे, पण वेगाने निकाल हाच कायद्याचा हेतू असल्यामुळे थोडकाच उशीर माफ होईल, असे २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या प्रकरणात ठरले.

मधल्या काळात करोना आला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वच मुदतींतून वगळला गेला आणि त्या अवधीत ज्यांची मुदत संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. मूळची मुदत ३० दिवसांची असली तरी ९०. मग पुन्हा मोजणी आलीच: १ मार्च धरायचा की सोडायचा? धरला तर शेवटचा दिवस २९ मे, सोडला तर ३० मे. २९ तारखेला रविवार होता. सुट्टीच्या दिवशी मुदत संपली तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, म्हणून दोन्ही हिशेबांनी सोमवारपर्यंत अवधी होताच.