दाहजन्य वेदना मज्जारज्जूत कशी वाढते: संशोधनाची पार्श्वभूमी

घोटा मुरगळून सुजला की सुजेच्या कडेची, इजा न झालेली त्वचाही नुसत्या स्पर्शाने दुखते. याचे कारण सुजलेल्या जागीच शोधायचे, अशी जुनी रीत होती. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवल्यावर तिला बळच मिळाले, कारण ही द्रव्ये दाहाच्या ठिकाणी चेतातंतूंची टोके हळवी करतात. स्पष्टीकरण खरे होते, पण अपुरे होते.

वेदनेचा संदेश मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे शरीराकडून येणारे संवेदनांचे संदेश जिथे पोहोचतात त्या मागच्या भागात, अडवला किंवा पुढे सोडला जातो, हा रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा सिद्धान्त १९६५ चा. तरीही माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती १९८३ मध्ये. लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांच्या पंजाला भाजल्यानंतर पाय आखडून घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मोजली, तेव्हा ती पूर्वीपेक्षा हलक्या उद्दीपनानेही होऊ लागलेली आढळली. आणि भाजलेली जागा बधिर करून तिथले संदेश थांबवल्यावरही हा हळवेपणा पूर्णपणे ओसरला नाही. म्हणजे इजेचा परिणाम आता मज्जारज्जूत मुरला होता.

तो कसा मुरतो, याचे उत्तर रेणूंच्या पातळीवर मिळत गेले. चेतापेशीवर रासायनिक संदेश टिपणारी प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात; त्यांपैकी एनएमडीए ग्राहीचे छिद्र एरवी मॅग्नेशियमच्या आयनाने बुजलेले असते. दाहाच्या जागेकडून संदेशांचा मारा सुरू राहिला की पेशीतील विद्युतभार बदलून तो आयन सुटतो, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या प्रभावाने कॅल्शियम आत शिरते आणि त्यामुळे जागी झालेली विकरे (पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) इतर ग्राहींना फॉस्फेटचे गट जोडून त्यांची संवेदनशीलता वाढवतात.

प्रोस्टाग्लँडिनांची गोष्टही पुन्हा मज्जारज्जूपाशीच आली. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिली तरी उंदरांमधील अतिवेदना कमी होते, हे अ‍ॅनिका माल्मबर्ग आणि टोनी याक्श यांनी १९९२ मध्ये दाखवले. पुढे २००१ मध्ये वूल्फ यांच्याच गटाला आढळले की, पंजाला दाह झाल्यावर इंटरल्युकिन-१ बीटा या प्रथिनामुळे मज्जारज्जूतही कॉक्स-२ हे प्रोस्टाग्लँडिने तयार करणारे विकर वाढते. तिथे तयार झालेले प्रोस्टाग्लँडिन ई२ नेमके काय करते, हे २००४ मध्ये उलगडले, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच शोध: वेदनेच्या संदेशाला आवर घालणाऱ्या ग्लायसिन या रसायनाच्या ग्राहींतील अल्फा-३ हा घटक ते फॉस्फेट जोडवून निष्प्रभ करते. हा घटक जन्मतः नसलेल्या उंदरांना साधी वेदना नेहमीसारखीच जाणवली, दाहातून येणारा हळवेपणा मात्र त्यांच्यात बराच कमी राहिला.